केरबाची सात पावलं

एका गावात एक भोळा माणूस होता. भोळी माणसं काय, सगळ्याच गावांत असतात. तुमच्याही गावात असतील, मी नावं विचारत नाही. पण माळेवाडीच्या केरबाची तऱ्हा वेगळी. त्याला सांगितलेलं कळत नसे असं नाही. सगळं कळे. आणि एकदा कळलेलं तो कधी विसरत नसे. सगळा घोळ तिथंच होता.

हा केरबा माळेवाडीच्या हायस्कुलात प्रयोगशाळेचा शिपाई. वय सव्वीस, अंगानं दणकट. प्रयोगशाळा म्हणजे एक खोली, दोन कपाटं आणि हेरवाडे सर. सर विज्ञान शिकवत आणि केरबाचा त्यांच्यावर भारी विश्वास. पृथ्वी फिरते असं सर एकदा वर्गात म्हणाले, तर केरबा दोन दिवस भिंतीला धरून चालत होता.

कपाटात एक यंत्र होतं, स्फेरोमीटर. पितळी, हाताच्या पंजात मावेल एवढं. तीन टोकदार पाय, मधोमध एक स्क्रू, स्क्रूच्या डोक्यावर आकडे कोरलेली गोल चकती. भिंगाच्या पोटावर तीन पाय टेकवायचे आणि स्क्रू फिरवत खाली आणायचा. त्याचं टोक काचेला कुठं टेकतं त्यावरून पोट किती फुगलंय ते कळतं. आणि तेवढ्या फुगवट्यावरून, हा अख्खा गोळा असता तर केवढा असता, तेही सांगता येतं. केरबाला याचं फार नवल वाटे. बोटभर काच बघून अख्खा गोळा सांगायचा म्हणजे काय खायचं काम आहे का? तो रोज सकाळी यंत्र पुसायचा आणि वर हात जोडायचा.

प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आली. मांडामांड केरबाच करणार, म्हणून सरांनी त्याला यंत्र हाताळायला शिकवायचं मनावर घेतलं. चुकलं ते सरांचंच, पण ते त्यांना फार उशिरा उमगलं.

पहिल्या दिवशी केरबानं स्क्रू फिरवला. फिरवतच राहिला. कट्‌ असा आवाज झाला आणि भिंगाचे दोन तुकडे झाले.

सर रागावले नाहीत. म्हणाले, "केरबा, टोक टेकलं रे टेकलं की थांबायचं. केसभरही पुढं जायचं नाही."

केरबानं ते ध्यानात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेचे माठ भरायचे होते. केरबा आडावर गेला. पोहरा खाली सोडला. पोहरा पाण्याला टेकला. केरबा थांबला. केसभरही पुढं गेला नाही. पोहरा वर ओढला, तर नुसता बुडाशी ओला. पुन्हा सोडला. टेकला. थांबला. ओढला. असं मधली सुट्टी होईपर्यंत चाललं. पोरांचे घसे कोरडे, हेडमास्तरांचा चहा नाही. सर आडावर आले तेव्हा केरबा घामाघूम झाला होता.

"अरे, पोहरा बुडू द्यायचा," सर म्हणाले.

"केसभर बी न्हाई, तुमीच म्हणाला होता," केरबा म्हणाला. सरांनी स्वतःच दोन पोहरे काढले.

इकडे केरबाची आई पारूबाई वेगळ्याच काळजीत होती. लेकाची दोन स्थळं मोडली होती. एका ठिकाणी मुलीच्या बापानं दारातून 'या, बसा' म्हटलं आणि हा दारातच बसला. दुसऱ्या ठिकाणी 'आपलंच घर समजा' म्हणाले, तर यानं सदरा काढून खुंटीला लावला आणि झोपला. आता आंबेखिंडीच्या तातोबाची मुलगी हौसा, एवढं एकच स्थळ उरलं होतं. आंबेखिंड माळेवाडीपासून एक कोस. हेही मोडलं तर पंचक्रोशीत आपल्या पोराला कोण मुलगी देणार, या विचारानं पारूबाईला भाकरी गोड लागत नव्हती. तिनं सरांना गळ घातली की मुलगी बघायला तुम्हीही चला, शब्द टाका. सर तयार झाले.

नेमकं मुलगी बघायला जायच्या सकाळीच सरांनी दुसरा धडा दिला होता. "यंत्र आधी सपाट काचेवर ठेवायचं. सपाट काचेला फुगवटा नसतो, हे आपल्याला ठाऊक आहे. तिथं शून्य आलं तर यंत्र खरं. दुसरं काही आलं तर तेवढी यंत्रात खोट. ती धरून पुढचं उत्तर दुरुस्त करून घ्यायचं. थोडक्यात काय, ज्याचं उत्तर ठाऊक आहे ते आधी बघ, मग ज्याचं ठाऊक नाही ते."

केरबानं ते ध्यानात ठेवलं.

तातोबाच्या सोप्यात घोंगडं अंथरलं होतं. हौसानं पोहे आणून ठेवले आणि मान खाली घालून पाटावर बसली. केरबानं तिच्याकडं बघितलं आणि ती त्याला आवडली. इतकी आवडली की पोह्याचा घास हातातच राहिला. तातोबा म्हणाला, काय विचारायचं ते विचारा.

केरबा आईकडं वळला. "तुझं नाव काय?"

पारूबाई गोंधळली. "अरं, आई हाय मी तुझी."

"ते ठावं हाय. नाव सांग."

"पारूबाई," ती घशातल्या घशात म्हणाली.

केरबानं मान डोलावली. शून्य बरोबर आलं. मग तो हौसाकडं वळला आणि तिला नाव विचारलं. तिनं सांगितलं. केरबाचा त्यावर लगेच विश्वास बसला.

तातोबाला यात काही वावगं दिसलं नाही. उलट त्याला वाटलं, पोरगा आईला विचारल्याशिवाय पुढं जात नाही, चांगलं वळण आहे. इथं उठले असते तर बरं झालं असतं. पण केरबाला अजून एक प्रश्न होता. तो पुन्हा आईकडं वळला.

"आये, तुला सैपाक येतो?"

चारचौघांत हे ऐकून पारूबाईचं टाळकं फिरलं. "न्हाई येत," ती म्हणाली. "सव्वीस वर्सं दगडं शिजवून घालतीया तुला."

केरबा विचारात पडला. उत्तर ठाऊक होतं 'येतो'. आलं 'न्हाई'. म्हणजे खोट निघाली. आता या बैठकीत जे उत्तर येईल ते उलटं करून घेणं आलं. त्यानं हौसाला विचारलं, "तुमास्नी सैपाक येतो?"

"येतो."

"म्हंजे येत न्हाई," केरबा म्हणाला. "असूं द्या. आईला बी येत न्हाई, तरी मी सव्वीस वर्सं जेवतोय."

हौसानं पदराचा बोळा तोंडात कोंबला, तरी तिला हसू आवरेना. तातोबा मात्र हसला नाही. सरांनी डोळे मिटून घेतले.

तातोबा आत गेला आणि मुलीला म्हणाला की हे वेडं आहे, याला वाटेला लावतो. हौसा म्हणाली, मला हाच पाहिजे. आजवर चारजण बघून गेले होते. एकानं तिला चालून दाखवायला लावलं होतं, एकानं सुईत दोरा ओवायला लावला होता, एकाच्या मामानं तर दात मोजले होते. स्वयंपाक येत नसला तरी असू द्या, म्हणणारा हा पहिलाच. एवढ्याशा बोलण्यावरून तिला अख्खा माणूस कळला. स्फेरोमीटर तिनं जन्मात पाहिलं नव्हतं, तरी मोजायची रीत तीच.

मुलीपुढं बापाचं चालेना. सरांनीही बाहेर शब्द टाकला की मनानं सोनं आहे, मी जामीन राहतो. तेव्हा तातोबानं अट घातली. "लगीन लावून देतो. पर मंडपात जर का एक येडेपणा दिसला, तर पोरगी पाठवणार न्हाई. वऱ्हाड आलं तसं मोकळंच परत जाईल."

त्या दिवसापासून केरबा यंत्र दिवसातून दोनदा पुसू लागला. हौसा घरात येणार या विचारानं त्याला इतका आनंद झाला होता की आडावर पोहरा बुडताना तो पाण्यालाही सांगे.

तिसरा धडा असा होता. "एकदा मोजून विसंबायचं नाही. दर खेपेला पहिल्यापासून मोजायचं, असं तीनदा. तिन्हींची बेरीज करायची, तीननं भागायचं. ती सरासरी. तीच खरी."

केरबानं ते ध्यानात ठेवलं.

लग्नासाठी नव्या वहाणा करायच्या होत्या. सत्याप्पा वहाणा शिवायचा. त्यानं केरबाच्या पायाचं माप घेतलं. केरबा म्हणाला, एका मापावर विसंबू नका. तो घरी गेला आणि आईला घेऊन आला. मग शेजारच्या कृष्णाआजीला पाठुंगळीवर घेऊन आला. तिघांचे पाय कागदावर उमटवले, बेरीज केली, तीननं भागली. सत्याप्पा म्हणाला की चाळीस वर्षं वहाणा शिवतोय, पण एका जोडाला तीन माणसं आणणारा तूच. पण गिऱ्हाईक सांगेल तसं करायचं हा त्याचा धर्म होता. वहाणा झाल्या, लाल गोंडे लावलेल्या, करकर वाजणाऱ्या. त्या आजीला मोठ्या झाल्या, आईला सैल झाल्या आणि केरबाची निम्मी टाच बाहेर राहिली. सर म्हणाले, दुसऱ्या घे. केरबा म्हणाला, सरासरी खरी असते, पायच कुठंतरी चुकला असणार.

तेव्हा कुठं सरांच्या डोक्यात प्रकाश पडला. आपण शिकवतो ते कुठं जाऊन उगवतं हे त्यांना दिसलं. त्यांनी मनाशी गाठ मारली की लग्न होईपर्यंत याला एक अक्षर शिकवायचं नाही.

पण प्रात्यक्षिकाचा दिवस उजाडला. लग्नाला दोन दिवस होते. केरबा टेबलावर यंत्र लावत होता. स्क्रू फिरवताना जरासा पुढं गेला. त्यानं तो तसाच जरा मागं फिरवला. हे बघितलं आणि सरांची वीस वर्षांची सवय तोंडातून बाहेर पडली. "अंहं. पुढं गेलं की एवढ्यातेवढ्यात मागं येऊन भागत नाही. आटे ढिले असतात, आकडा खोटा येतो. पार मागं जायचं, निघालो तिथपर्यंत. आणि पहिल्यापासून यायचं."

बोलून गेले आणि सरांनी जीभ चावली.

पण केरबानं ते ध्यानात ठेवलं.

लग्नाच्या सकाळी वऱ्हाड आंबेखिंडीला पोचलं. सरांनी केरबाला बाजूला घेतलं. म्हणाले, "भटजी सांगतील तेवढंच करायचं. यंत्रातलं आज काही आठवायचं नाही."

"आठवणार न्हाई सर," केरबा म्हणाला. "आठवावं लागतच न्हाई. ध्यानातच असतंय."

सरांना घाम फुटला. तातोबा मंडपाच्या खांबाला टेकून उभा होता आणि त्याची नजर जावयावरून हलत नव्हती.

पण काय सांगू, सगळं नीट चाललं. मंगलाष्टकं झाली. अक्षता पडल्या. केरबानं हार हौसाच्याच गळ्यात घातला. उपरण्याची आणि शालूची गाठ बांधली. नरहरभटजींनी तांदळाच्या सात राशी मांडल्या आणि म्हणाले, एकेका राशीवर एकेक पाऊल, सात पावलं झाली की लग्न लागलं. पारूबाई पदरानं डोळे पुसत होती. सरांनी अडवून धरलेला श्वास सोडला.

केरबा चालू लागला. एक, दोन, तीन. शेजारी हौसाची पावलं पडत होती, हळदीनं पिवळी झालेली. केरबा त्या पावलांकडं बघत राहिला आणि त्याचं मन भरून आलं. चार, पाच, सहा, सात. आणि आनंदाच्या भरात आठ.

"अहो, एक जास्त झालं," भटजी म्हणाले. "या एक पाऊल मागं, काही बिघडत नाही."

केरबा जागीच थबकला. एक पाऊल मागं? एवढ्यातेवढ्यात मागं येऊन भागत नाही. लग्नासारखी गोष्ट, ती ढिली ठेवून कसं चालेल? पार मागं जायचं. निघालो तिथपर्यंत. आणि तो निघाला होता माळेवाडीहून, आपल्या घराच्या उंबऱ्यातून.

तो वळला. वहाणा पायात अडकवल्या आणि मंडपाबाहेर चालू लागला. उपरण्याला गाठ होती, गाठीला हौसा होती. तीही निघाली.

कोणी अडवलं का? छे. मुलीकडच्यांना वाटलं, माळेवाडीची काहीतरी रीत असेल. मुलाकडच्यांना वाटलं, आंबेखिंडीची असेल. दुसऱ्याच्या रीतीला मंडपात नावं ठेवायची नसतात, म्हणून दोन्हीकडची माणसं हसतमुखानं बघत राहिली. वाजंत्र्यांना वाटलं, वरात निघाली. ते वाजवत मागं लागले. भटजींनी पोथी काखोटीला मारली. वेशीपर्यंत सगळं वऱ्हाड आलं, तेव्हा तातोबानं पारूबाईला विचारलं, ही तुमच्यातली कुठली रीत म्हणायची? पारूबाई म्हणाली, मी तेच तुम्हाला विचारणार होते.

तोवर नवरानवरी पांदीच्या वाटेला लागली होती.

हौसानं विचारलं, "अवं, कुठं चाललोय आपण?"

केरबानं सगळं सांगितलं. आठवं पाऊल, ढिले आटे, पार मागं. हौसा ऐकत होती. आधी तिला हसू आलं. मग बापाची अट आठवली आणि हसू मावळलं. एक येडेपणा दिसला तर पोरगी पाठवणार न्हाई. आणि हा तर येडेपणाचा डोंगर होता. आत्ता मागं वळलं तर बाप तिला घरात घेऊन कडी घालणार. तिनं मागं बघितलं. लांबवर तातोबाचा फेटा दिसत होता, धुरळ्यात, तरातरा येणारा.

"मग भराभरा चला," हौसा म्हणाली आणि शालू वर खोचला. "मागनं बाबा येत्यात."

दोघं जवळजवळ पळतच माळेवाडीत पोचली. मागोमाग पारूबाई धापा टाकत आली. तिनं दारात उभी असलेली सून बघितली आणि फार विचार केला नाही. आत जाऊन मापटं तांदळानं भरून आणलं, उंबऱ्यावर ठेवलं. हौसानं उजव्या पायानं माप लवंडलं आणि ती घरात आली.

तातोबा अंगणात पोचला तेव्हा तांदूळ सोप्यात पसरले होते. तो गरजला की मी पोरगी पाठवणार नाही म्हणून सांगितलं होतं.

"तुम्ही पाठवलीत कुठं?" नरहरभटजी घाम पुसत म्हणाले. "ती आपली आपण आली. सात पावलं झाली, वर एक झालं. मापही ओलांडलं. आता ती या घरची."

तातोबानं मुलीकडं बघितलं. हौसा पारूबाईच्या शेजारी उभी होती आणि तिचा चेहरा इतका फुलला होता की तो तसाच जोत्यावर बसला. कुणीतरी पाणी दिलं, ते प्याला. सरांचे डोळे भरून आले. पारूबाईनं देवापुढं साखर ठेवली. सुटलो एकदाचे, असं सगळ्यांना वाटलं.

केरबा उठला. "चला," तो म्हणाला. "आता पहिल्यापासून."

आणि दोघं गाठीसकट आंबेखिंडीला निघाली. हौसानं एवढंच विचारलं, किती खेपा? केरबा म्हणाला, तीन. एकीवर विसंबायचं नसतं. हौसा म्हणाली, मग चला, ऊन डोक्यावर यायच्या आत दुसरी उरकू.

त्या दिवशी माळेवाडी-आंबेखिंडीच्या रस्त्यावर जेवढा धुरळा उडाला तेवढा बाजाराच्या दिवशीही उडत नाही. दुसऱ्या खेपेला पावलं बरोबर सात पडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण केरबा परत माळेवाडीला गेला, उंबरा शिवून परत आला. मागं वऱ्हाड होतंच, लग्न अर्धवट टाकून कोण जेवणार? आंबेखिंडीत लापशी घट्ट झाली, आमटी तीनदा ऊन केली. सनईवाला शेवटी नुसताच फुंकत होता, आवाज येत नव्हता.

तिसऱ्या खेपेला उन्हं कलली होती. सरासरीच्या वहाणांनी केरबाच्या टाचा सोलून निघाल्या होत्या. तो तांदळाच्या राशींवरून लंगडत चालला. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. सहाव्याला फोड फुटला आणि केरबा मटकन खाली बसला.

भटजी रडकुंडीला आले. म्हणाले, अहो उठा, एकच राहिलं, एक पाऊल टाका आणि सोडवा आम्हाला. तातोबा हात जोडून उभा राहिला. केरबा बोटं मोजत होता.

"सर," त्यानं हाक मारली. "पैल्या खेपंला आठ. मग सात. आता सहा. सरासरी किती?"

सगळा मंडप सरांकडं बघू लागला. हेरवाडे सरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला. गणितात ते कधी खोटं बोलले नव्हते.

"सात," सर म्हणाले.

"मग बरोबर लागलं लगीन," केरबा म्हणाला आणि पानं मांडायला सांगितलं.